आईचा फोन अजून आत आहे

मी हेडफोन बोलतोय. विद्यापीठाच्या ग्रंथालयातला, दोन कानांना दोन गाद्या आणि तोंडापुढे इवलासा माईक असलेला हेडफोन. तुम्ही म्हणाल, तुझं कामच बोलण्याचं, त्यात काय एवढं? अहो, जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवत आलो. स्वतःचं म्हणून एक अक्षर काढलं नाही. आज काढतोय, कारण माझा उजवा कान कायमचा गेलाय, डावाही मधूनमधून खरखरतो. आता नाही बोललो तर कधी बोलणार?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला डोळे नाहीत. मी काळा आहे म्हणे, असेन बापडा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे. तेव्हा कुणाचं नाक कसं होतं आणि भिंतीला रंग कोणता होता, असलं काही मला विचारू नका.

माझा जन्म कारखान्यातला. कुणीतरी माझ्या माईकवर टिचकी मारली आणि विचारलं, "ऐकू येतंय का?" पलीकडून कंटाळलेला आवाज आला, "येतंय. पुढचा घे." झालं माझं बारसं. त्या वेळी मला काय ठाऊक, की हे तीन शब्द जन्मभर माझी पाठ सोडणार नाहीत! माणसं नमस्कार करायला विसरतील, नाव सांगायला विसरतील, पण माझ्यापुढे आली की पहिलं वाक्य हेच. ऐकू येतंय का? ऐकू येतंय का? कान किटले माझे.

मग खोका, ट्रक, कपाट. बरेच दिवस काहीच ऐकू आलं नाही. विद्यापीठाचे निम्मे वर्ग पडद्यावर भरायला लागले, गावोगावची मुलं घरबसल्या प्रवेश घ्यायला लागली, तेव्हा कुणीतरी खोका फोडला आणि मी बाईंच्या डोक्यावर चढलो.

बाई म्हणजे ग्रंथालयातल्या संदर्भ विभागाच्या बाई. कुणाला कुठलं पुस्तक, कुठला लेख हवा असला की बाईंकडे जायचं. मुलांनी त्यांचं नाव 'हळूबाई' ठेवलं होतं. वाचनकक्षात कुणाची खुर्ची सरकली, कुणी फिसकन हसलं, की बाई लांबूनच म्हणायच्या, "हळू." ओरडायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत. फक्त हळू. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांना हळू म्हणता म्हणता त्यांचा स्वतःचाच आवाज कुजबुजीवर येऊन बसला होता. घरी भाजीवाल्याशीसुद्धा कुजबुजतात, असं त्या स्वतःच सांगायच्या.

आता अशा बाईंना काम काय दिलं, तर नव्या मुलांना पडद्यावरून ग्रंथालयाची ओळख करून द्यायची! पुस्तकं शोधायची कशी, घरून लेख वाचायचे कसे, पासवर्ड विसरला तर काय करायचं, सगळं तासाभरात सांगायचं.

पहिल्या तासाला जी फजिती झाली ती काय सांगू. बाई आपल्या परीनं जीव तोडून बोलत होत्या, आणि पलीकडून एकामागून एक मुलं, "मॅडम, आवाज नाही." "मॅडम, तुम्ही म्यूट आहात." बाई म्हणाल्या, "नाही रे बाळांनो, मी बोलतेय." तेही कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी संगणक विभागातला माणूस धावत आला. त्याला सगळे 'रिस्टार्ट' म्हणायचे, कारण काहीही बिघडलं तरी त्याचं औषध एकच. त्यानं बाईंचा संगणक बंद करून चालू केला, मला उपटून परत खोचलं, आणि मग कपाळावर हात मारून म्हणाला,

"बाई, यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही बोलताय कुठे? तुम्ही तर श्वास घेताय नुसता!"

"ग्रंथालयात याहून मोठ्यानं बोलवत नाही रे मला."

"म्हणून तर तुम्हाला वेगळी खोली दिलीय. इथे ओरडा, नाचा, काहीही करा."

ती खोली म्हणजे जुनी बांधणीची खोली. पूर्वी तिथे फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे चढायचे. कोपऱ्यात पुस्तकं दाबायच्या लोखंडी दाबयंत्राचा सांगाडा अजून होता. वारा आला की त्याचं चाक कुरकुरायचं. बाईंनी माझा माईक ओठांच्या अगदी जवळ ओढून घेतला आणि रोज सकाळी दार लावून मोठ्यानं बोलायचा सराव सुरू केला. दोन वाक्यं बोलल्या की स्वतःच दचकायच्या. मला हसू यायचं आणि माझा त्यांच्यावर जीवही जडत होता. त्यांच्या कानशिलातली नाडी माझ्या गादीला लागायची. तास सुरू व्हायच्या आधी ती नेहमी जोरात धावायची. 

तासाला मुलं शंभर-शंभर असायची, पण आवाज म्हणाल तर एकाचाही नाही. सगळी म्यूट. रिस्टार्ट सांगायचा, पडद्यावर नुसते काळे चौकोन असतात, त्यात नावं लिहिलेली. बाई विचारायच्या, "समजतंय ना?" शांतता. "काही शंका?" शांतता. चुकून एखाद्याचा माईक उघडा राहायचा आणि मग कुठे भांडी घासल्याचा आवाज, कुठे कुत्रं, कुठे कुणाची तरी आई, "अरे, जेवून घे आधी, ते ग्रंथालय कुठे पळून जातंय?" बाई हसायच्या. त्यांना ते आवडायचं. पलीकडे खरंच कुणीतरी आहे, एवढं तरी त्यातून कळायचं.

आणि तासभर बाई एक शब्द सतत बोलायच्या. इथे.

"हे बघा, इथे क्लिक करायचं. मग इथे आपलं नाव. इथे खाली ही निळी खूण दिसतेय का? तिच्यावर गेलं की हे असं उघडतं. आता इकडे या. इथे विषय लिहा, आणि मग हे इथे."

मी तो शब्द इतक्या वेळा पोचवला, पण इथे म्हणजे कुठे, हे काही मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटायचं, आपल्याला डोळे नाहीत म्हणून आपलं घोडं अडतंय. बाकी सगळ्यांना दिसतच असणार. म्हणून मी त्याचा फार विचार केला नाही.

तास संपला की निघून जाणाऱ्या प्रत्येकाचा एक आवाज यायचा. टुंग. टुंग, टुंग, टुंग, असा सडा पडायचा. शाळा सुटल्यासारखी पळायची पोरं. रिस्टार्ट म्हणायचा, "चला बाई, करा बंद." तेव्हा बाई म्हणायच्या, "अजून कुणी आत आहे का?"

हे असं का, ते त्यांनी एकदा रिस्टार्टला सांगितलं. त्यांच्या वाचनकक्षात जुनी रीत होती. बंद व्हायची वेळ झाली तरी शेवटच्या वाचकाला कुणी ऊठ म्हणायचं नाही. रिकाम्या टेबलांवरचे दिवे एकेक करून मालवत यायचं, त्याचा तेवढा ठेवायचा, आणि दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसायचं. तो पान संपवेल, पुस्तक मिटेल, आपणहून उठेल. मग आपण कुलूप लावायचं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या वरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं.

"अहो, पण इथे कुठे कोण वाचत बसलंय?" रिस्टार्ट म्हणाला. "लोक फोन तसाच टाकून चहाला जातात."

"जाऊ देत की. परत येऊन पाहतील आणि आपण दार लावून घेतलेलं असेल, ते बरं दिसतं का?"

रिस्टार्टनं हात टेकले. तेव्हापासून तास संपला तरी बाई मला डोक्यावर तसंच ठेवून बसायच्या. दहाएक मिनिटांत उरलेसुरलेही टुंग करून जायचे. एक सोडून.

"बाई, आईचा फोन अजून आत आहे," रिस्टार्ट सांगायचा.

त्या चौकोनात नाव म्हणून एवढंच लिहिलेलं होतं. आईचा फोन. कुणीतरी आपल्या आईच्या फोनवरून आलं असणार, हे उघड होतं. बाई विचारायच्या, "कोण आहे? काही विचारायचंय का?" उत्तर नाही. पाऊण तास जायचा, कधी जास्त, आणि मग एकदम टुंग.

पहिल्यांदा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पण ओळखीचे तास शाखेशाखेचे वेगळे असायचे. कलेच्या मुलांच्या तासाला आईचा फोन आला. वाणिज्यच्या तासालाही आला. विज्ञानाच्या तासालाही पहिल्या मिनिटाला हजर आणि सगळ्यांत शेवटी जाणार.

"ही व्यक्ती आहे तरी कुठल्या शाखेची?" बाई म्हणाल्या.

"बाई, माझं ऐका. ते बिघाडानं अडकलेलं खातं आहे. काढून टाकतो."

"हात लावू नकोस."

अशात एक दिवस साहेब खोलीत आले. साहेब म्हणजे मुख्य ग्रंथपाल. माणूस वाईट नव्हता, उगाच त्याला नावं ठेवणार नाही. त्यांच्यामागे हजार व्याप. ते म्हणाले, "बाई, दर वर्षी तेच तेच किती वेळा सांगणार? घसा बसतो तुमचा. या शनिवारी एकदाच तास रेकॉर्ड करून ठेवू. ज्याला हवं त्यानं हवं तेव्हा पाहावं. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात तरी काम अडायला नको."

"आणि कुणाला काही विचारायचं असलं तर?"

"खाली लिहितील."

"नाही लिहिलं तर?"

"मग विचारायचं नसेल, बाई."

साहेब गेले. बराच वेळ बाईंनी मला डोक्यावरून काढलं नाही. संगणक बंद होता. त्या नुसत्या बसल्या होत्या.

मंगळवारचा तास शेवटचा खरा तास ठरला. बाई त्या दिवशी फारच गोड बोलल्या. इथे, इथे, इथे करत सगळं दाखवलं. तास संपला. टुंगटुंगाट झाला. खोली रिकामी झाली.

"आईचा फोन," रिस्टार्ट म्हणाला. "दुसरं कोण असणार!"

बाई माईक ओठांशी घेऊन म्हणाल्या, "हे बघा, जे कुणी असाल ते. शनिवारनंतर मी अशी समोर नसेन, नुसतं रेकॉर्डिंग असेल. तेव्हा आज बसा हवं तितकं. मीही बसलेय. घाई नाही कसली."

रिस्टार्ट चहा आणायला गेला. दाबयंत्राचं चाक कुरकुरलं. आणि मग माझ्या दोन्ही कानांत खट्कन आवाज झाला. पलीकडचा माईक उघडला होता.

आधी एक यंत्राचा आवाज आला, भावनाशून्य, एकसुरी: "बटण. बटण. बटण. चित्र. बटण." आणि त्याच्यावर एका तरुण मुलीचा रडवेला, चिडलेला आवाज:

"अगं बाई, कुठलं बटण? नाव सांग ना त्याचं! सगळीच बटणं, सगळीच बटणं... बाहेर जायचं कुठलं ते सांग की मेले!"

बाई ताडकन ताठ बसल्या. "कोण आहे? कुणाशी बोलतेयस, बाळ?"

 मग अगदी घाबरलेला आवाज आला. "माझं... माझं ऐकू येतंय का?"

"येतंय. अगदी नीट येतंय." बाईंची नाडी माझ्या गादीखाली धडधडत होती. "तू कोण? आईचा फोन?"

"हो. सॉरी मॅडम. मला बाहेर पडायचं होतं. ते बटण सापडत नाही मला, बोलायचंही आज चुकून दाबलं गेलं. दर वेळी आई येऊन बंद करून देते. ती खालच्या मजल्यावर शिवणकामाला असते, तिला मध्ये सुट्टी झाली की वर येते. तोपर्यंत मी अशीच थांबते."

"सापडत नाही म्हणजे? वर कोपऱ्यात, इथे लाल..." बाई बोलता बोलता थांबल्या.

मुलगी म्हणाली, "मला दिसत नाही, मॅडम."

 मग ती मुलगी एका दमात बोलत सुटली, खूप दिवस कोंडलेलं बोलतात तसं. दोन वर्षांपूर्वी आजारात तिची दृष्टी गेली होती. शिक्षण सुटलं. नातेवाईक म्हणाले, आता घरीच बसू दे. आईनं कुणाचं ऐकलं नाही, हिला पुन्हा प्रवेश घ्यायला लावला. फोनमध्ये एक आवाज असतो, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा. त्याच्या भरवशावर ही शिकायला बसली. पण ग्रंथालयाच्या पानावर आली की तो आवाज नुसता बटण, बटण करायचा, कारण त्या बटणांना कुणी नावंच दिलेली नव्हती. ज्यांना दिसतं त्यांना नावाची गरज काय? निळी खूण पाहायची आणि दाबायचं.

"प्रवेश घेताना ऑफिसात सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "ते म्हणाले, आता सगळं ऑनलाइन आहे, तुला उलट सोपंच जाईल. मी तुमचे सगळे तास ऐकले, मॅडम. वाटलं, या वेळी कळेल, पुढच्या वेळी कळेल. तुम्ही म्हणता, इथे जा, मग इथे जा. बाकी सगळ्यांना कळत होतं, कुणीच काही विचारत नव्हतं. मला वाटलं, माझीच अक्कल कमी आहे. मॅडम, ते इथे म्हणजे कुठे असतं?"

मी तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला माझ्याच वायरीत थरकाप जाणवला. इतके दिवस मला पडलेला प्रश्न दुसऱ्या टोकाला आणखी कुणाला तरी पडला होता, आणि तिला तो विचारायची सोय नव्हती.

 माझ्या माईकवर ओलसर काहीतरी पडलं. मग त्या म्हणाल्या, "तुझी नाही गं अक्कल कमी. मलाच सांगता आलं नाही."

"जाऊ द्या आता. पहिला निबंध पुढच्या आठवड्यात द्यायचाय. त्याला ग्रंथालयातले लेख लागतात, आणि मला अजून एकही शोधता आला नाही. मी सोमवारी नाव काढून घेणार आहे. आईला अजून बोलले नाही. ती..." मुलीचा आवाज फाटला. "तिला फार वाईट वाटेल."

"सोमवार ना? मग शनिवारपर्यंत आईला काही बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "शनिवारी दुपारी परत ये. मी बोलते, तू ऐक. त्यानंतरही तुला लेख सापडला नाही, तर खुशाल नाव काढ. मी अडवणार नाही. येशील?"

"येते."

"आणि आता आई येईपर्यंत मी बसतेय. एकटी नाहीस तू."

रिस्टार्ट चहाचे कप घेऊन आला तेव्हा बाई आणि ती मुलगी कुठल्याशा कादंबरीबद्दल बोलत होत्या. त्यानं सगळं ऐकलं. कप ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तो पहिल्यांदाच रिस्टार्ट करू या असं म्हणाला नाही.

पुढचे दिवस त्या खोलीत मी जे ऐकलं ते अजून माझ्या कानात आहे. रिस्टार्टनं बाईंच्या संगणकावरही तसाच वाचणारा आवाज चालू केला. बाईंनी पडद्यावर जाड पुठ्ठा उभा केला आणि डोळे मिटून ग्रंथालयाच्या पानावर शिरायचा प्रयत्न केला. बटण, बटण, चित्र, बटण. बाई तिथेच अडकल्या. इतकी वर्षं ज्या ग्रंथालयात काढली, त्याच्या दारातच चाचपडत बसल्या.

"अरे, मला माझ्याच घरात वाट सापडत नाही!" त्या म्हणाल्या.

रिस्टार्ट कामाला लागला. ते पान आणि पडद्यावरचा वर्ग, दोन्ही त्याच्याच विभागानं बनवलेली. एकेका बटणाला तो नाव देत गेला. 'पुस्तक शोधा.' 'लेख शोधा.' 'मागे जा.' पडद्यावरच्या वर्गातल्या त्या लाल बटणाला 'बाहेर पडा.' नाव दिलं की बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि सांगायच्या, हे कळलं, हे नाही कळलं. दोघांची जुंपायची. तो म्हणायचा, "एवढं लांबलचक नाव कुठे असतं का बटणाला?" बाई म्हणायच्या, "तुझंही नाव मोठं होतं, लोकांनी रिस्टार्ट केलंच ना त्याचं? कर छोटं."

साहेबांच्या कानावर गेलं. ते आले. "बाई, शनिवारचं रेकॉर्डिंग तयार आहे ना? एका विद्यार्थिनीसाठी सगळं पान बदलताय म्हणे."

"साहेब, शेवटचा वाचक एकच असतो," बाई म्हणाल्या. नेहमीच्या कुजबुजीत म्हणाल्या, पण साहेबांना ऐकू गेलं.  मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "तो पुठ्ठा आणा इकडे. मी बघतो, मला जमतंय का." नाही जमलं. त्यानंतर मात्र त्यांनी पान बदलायला हरकत घेतली नाही.

आता माझी सध्याची हकिकत सांगतो, म्हणजे शनिवारचं सांगून मला गप्प बसता येईल. बाई निवृत्त झाल्या. त्या खोलीत नवा हेडफोन आलाय, बिनवायरीचा. मोठा तोऱ्यात असतो. मी टेबलाच्या खणात, टाचण्या आणि जुन्या शिक्क्यांच्या शेजारी पडून असतो. माईकचा स्पंज झडलाय. रिस्टार्ट दोनदा मला टाकून द्यायला निघाला आणि दोनदा परत ठेवून गेला. दर वर्षी नवी मुलं येतात, बाईंचं रेकॉर्डिंग लागतं, आणि खणाच्या फटीतून मला त्यांचा आवाज ऐकू येतो. रेकॉर्डिंग संपलं की त्यानंतर कुणीतरी बसायचं, असं बाईंनी साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं. नवा माणूस बसतो कधी, कधी नाही बसत. तेवढं मात्र मनाला लागतं.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. कुणाला काही दाखवत असाल तर इथे म्हणजे कुठे, ते तोंडानं सांगा. आणि सगळे गेल्यावरही एखादा उरलाच, तर त्याला बिघाड समजून काढून टाकू नका. थोडं थांबा.

तर शनिवार. दुपार होती. बाईंनी पडद्यावर पुठ्ठा उभा केला आणि मला डोक्यावर चढवलं. रिस्टार्टनं रेकॉर्डिंग सुरू केलं. वर्गात पाहुणा एकच. आईचा फोन.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "ग्रंथालयाच्या पानावर आलात की सगळ्यांत वर एक लांब रिकामी चौकट आहे. तिचं नाव 'शोधा'. तुम्हाला ज्या विषयावर वाचायचंय, तो तिथे लिहा. तिच्या खाली तीन बटणं आहेत, एकाखाली एक. पहिलं पुस्तकांचं, दुसरं लेखांचं..."

त्या बोलत राहिल्या. हळू नाही, जोरातही नाही. मी जिवाचे कान करून ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला ते ग्रंथालय कळत होतं. कुठे दार, कुठे जिना, कुठून वळायचं. एकदा बाई चुकल्या. "आणि मग इथे..." म्हणाल्या आणि थांबल्या. हसल्या. पलीकडे ती मुलगीही हसली. बाईंनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बोलणं संपलं. मग त्या म्हणाल्या, "आता तू. तुझा विषय लिही. मी एक शब्द बोलणार नाही."

फोनमधला तो एकसुरी आवाज येऊ लागला. "शोधा. चौकट." मग थांबला. "पुस्तकं. बटण. लेख. बटण." पुन्हा थांबला. रिस्टार्टचा पाय टेबलाखाली थडथड हलत होता. बाईंचा श्वास माझ्या माईकवर अडकून राहिला होता. मग तो आवाज एका लेखाचं नाव वाचू लागला. मग दुसऱ्या लेखाचं. मग पहिल्या लेखाचा पहिला परिच्छेद.

"सापडला," मुलगी म्हणाली. आणि मग ओरडलीच, "मॅडम, सापडला! वाचतोय तो! ऐकू येतंय का तुम्हाला?"

"येतंय गं," बाई म्हणाल्या. 

तेवढ्यात पलीकडे दार वाजलं आणि पावलं आली. आईचा आवाज मी प्रथमच ऐकला, दमलेला आणि मायेचा. "काय झालं गं ओरडायला? तास संपला ना? आण, बंद करून देते."

"नको आई. थांब."

"अगं, मला परत खाली जायचंय. आणि सोमवारी ऑफिसात जायचं म्हणत होतीस, कशाला ते सांगितलं नाहीस. सुट्टी मागून ठेवू का?"

म्हणजे आईला कुणकुण लागली होती.  बाई दोन्ही हातांनी मला कानांवर दाबून ऐकत होत्या.

"काही काम नाही ऑफिसात," मुलगी म्हणाली. "सोमवारी मला निबंध लिहायचाय. फोन मात्र दिवसभर लागेल मला, चालेल?"

"घे की. मला कोण एवढे फोन करतंय?"

"मॅडम, मी निघते आता," मुलगी म्हणाली. "तुम्ही नका काही करू. आई, तूपण हात लावू नकोस."

पुन्हा तो आवाज. "माईक. बटण. हात वर करा. बटण." ती सावकाश पुढे सरकत होती.  "बाहेर पडा. बटण."

टुंग.

 बाईंनी मला डोक्यावरून काढून टेबलावर ठेवलं, आणि दाराजवळ जाऊन दिव्याचं बटण बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला.